खिशातील चाकू : निगा, धार आणि वापर

शेतीच्या अवजारांविषयी बोलताना नांगर, कुळव, पाभर यांचा विचार आपण अगत्याने करतो. परंतु शेतकऱ्याच्या बंडीच्या खिशात किंवा करदोट्याला बांधून असलेल्या घडीच्या चाकूचा विचार सहसा कोणी करीत नाही. वास्तविक पाहता दिवसभरात हा चाकू जितक्या वेळा हाती येतो, तितक्या वेळा दुसरे कोणतेही अवजार येत नसेल. पोत्याची शिवण उसवणे, सुतळी तोडणे, ठिबकाची नळी कापणे, रोपवाटिकेत डोळा भरणे, रोगट डहाळी काढून टाकणे ही सर्व कामे त्याच्याकडूनच होतात. असे असूनही दहा चाकू तपासले तर त्यांपैकी सात-आठ बोथट, गंजलेले किंवा बिजागरीत ढिले झालेले आढळतात. चाकू लहान असला तरी त्याच्या हयगयीने होणारे नुकसान लहान नसते. ते कसे होते व कसे टाळता येते, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एका नुकसानीची हकिकत

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातील गोष्ट आहे. विदर्भातील संत्र्याच्या पट्ट्यातील एका गावी एका शेतकऱ्याने जंबेरीची रोपे मोठ्या कष्टाने वाढविली होती. उन्हाळ्यात त्याने घागरीने पाणी घालून ती जगविली. थंडीच्या दिवसांत रोपे पेन्सिलीएवढ्या जाडीची झाली, तेव्हा संत्र्याचे डोळे भरण्याचे प्रात्यक्षिक मी त्याच्याच वाफ्यावर केले. महाविद्यालयात शिकलेली रीत मी बिनचूक पाळली. जमिनीपासून सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीवर टी अक्षराच्या आकाराची चीर घेतली, ढालीच्या आकाराचा डोळा काढून सालीखाली सरकविला आणि वर प्लॅस्टिकची पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडून पाहिले, तो बहुतेक डोळे तपकिरी पडून वाळलेले!

मी त्या शेतकऱ्याला हवामानाचे कारण सांगितले. त्याने ते मान्यही केले. परंतु शेजारच्या मळ्यातील एका वृद्ध माळीबुवांनी त्याच आठवड्यात भरलेले डोळे हिरवेगार होते. मग हवामान केवळ आमच्याच वाफ्यावर रुसले होते काय? मी संकोचाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझा चाकू मागून घेतला, धार उन्हाकडे करून पाहिली व ते म्हणाले, "साहेब, हा चाकू कापत नाही, फाडते जी."

नंतर त्यांनी आपल्या चाकूने एक काडी कापून माझ्या हाती दिली. तिचा काप काचेसारखा गुळगुळीत होता. माझ्या चाकूच्या कापावर डोळ्यांना दिसतील असे धागे निघालेले होते. रीत बरोबर होती, डोळे चांगले होते, हवामानही अनुकूल होते. चूक माझ्या खिशात होती. त्या शेतकऱ्याच्या रोपांवर पुन्हा डोळे भरून झाले, पण त्याचा हंगाम गेला तो गेलाच. त्याच्याकडे जाऊन मी खरे कारण सांगितले. तेव्हापासून प्रात्यक्षिकाला जाण्यापूर्वी प्रथम चाकूची धार तपासण्याचा नेम मी ठेवला आहे.

बोथट पाते झाडाचे काय करते ?

साल आणि लाकूड यांच्या मध्ये एक अतिशय पातळ, ओलसर, वाढणारा थर असतो. कलम सांधले जाते ते या थरामुळेच. खुंटाचा थर आणि कलमकाडीचा अगर डोळ्याचा थर एकमेकांस चिकटून राहिले, म्हणजे दोहोंकडील पेशी वाढतात व सांधा जुळतो. धारदार पाते पेशींची एकच ओळ कापते आणि शेजारच्या पेशी जिवंत राहतात. बोथट पाते मात्र पेशी चिरडत जाते. चिरडलेल्या पेशी मरतात, काळ्या पडतात व दोन जिवंत थरांच्या मध्ये मेलेल्या पेशींचा पडदा तयार होतो. शिवाय काप उंचसखल झाला की मध्ये हवा राहते, सांधा सुकतो आणि बुरशीला आयती जागा मिळते.

कोकणात पावसाळ्याच्या सुरुवातीस आंब्याची कोय कलमे बांधतात. तेथेही हाच नियम लागू आहे. कोवळ्या रोपाचा शेंडा कापून खोडात मधोमध उभी चीर द्यावयाची आणि पाचरीसारखी तासलेली काडी तीत बसवावयाची. पाचरीची प्रत्येक बाजू एकाच ओढीत कापली गेली तर ती चिरेत घट्ट बसते. तीनचार वेळा तासावे लागले तर पाचर गोलसर होते आणि बाहेरून कितीही घट्ट बांधले तरी आत पोकळी राहतेच.

बोथट चाकू माणसालाही अधिक धोक्याचा असतो. धार असली की पाते थोड्या जोराने चालते व हाताच्या ताब्यात राहते. धार नसली की माणूस जोर लावतो, पाते एकाएकी निसटते आणि डाव्या हाताच्या बोटावर किंवा मांडीवर येते.

चाकूची निवड

नेहमीच्या कामासाठी सात-आठ सेंटिमीटर लांबीच्या पात्याचा घडीचा चाकू पुरेसा होतो. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. उघडलेले पाते बोटांनी दोन्ही बाजूंस हलवून पाहावे. ते बिजागरीत डगमगता कामा नये. पाठीची कमान इतकी ताठ असावी की पाते उघडताना व मिटताना आवाज होऊन ते जागच्या जागी बसावे. मूठ ओल्या हातात घसरणारी नसावी. मिटल्यावर पात्याचे टोक मुठीबाहेर डोकावत नाही, याचीही खात्री करून घ्यावी.

पाते साध्या पोलादाचे असावे की न गंजणाऱ्या पोलादाचे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. साध्या पोलादाला दगडावर लवकर धार येते. पण संत्रे-लिंबाच्या आंबट रसाने आणि ओलीने ते गंजते, म्हणून त्याला रोजची निगा लागते. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियमचे प्रमाण बरेच असते. त्याला ओलीची भीती कमी, परंतु पुष्कळ पात्यांना धार लावण्यास वेळ अधिक लागतो. जो शेतकरी रोज चाकू पुसून ठेवील त्याने साधे पोलाद घ्यावे. ज्याच्याकडून ते होणार नाही त्याने न गंजणारे घ्यावे.

गावचा लोहार मोटारीच्या जुन्या पाट्याच्या तुकड्यापासून उत्तम पाते घडवू शकतो. मात्र पात्याला योग्य पाणी दिलेले असले पाहिजे. पाणी कमी पडले तर धार वळते; पाणी देऊन पुन्हा माफक तापविले नाही तर धार काचेसारखी तुटते.

डोळे भरण्याचा व कलमे बांधण्याचा चाकू निराळाच ठेवावा. या चाकूचे पाते बहुधा एका बाजूस सपाट व दुसऱ्या बाजूस उतरते असते. त्यामुळे काप सपाट येतो. डावखुऱ्या माणसाने आपल्या हाताचे पाते मागून घ्यावे. या चाकूने सुतळी, तार, तंबाखू किंवा कांदा कापू नये.

धार लावण्याची रीत

धार लावण्यासाठी दोन प्रकारचे पृष्ठभाग लागतात, एक खरबरीत व एक बारीक. लोखंडी सामानाच्या दुकानात कार्बोरंडमचा एका अंगाने खरबरीत व दुसऱ्या अंगाने बारीक असा निसणा मिळतो. घरासाठी तेवढा पुरतो. दगड ओल्या गोणपाटावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. दगडावर पाणी घालून काम करावे. पाण्याने पोलादाचा व दगडाचा चुरा वाहून जातो आणि दगडाची छिद्रे बुजत नाहीत. एकदा तेल वापरलेल्या दगडावर पुढे पाणी नीट काम देत नाही, म्हणून दोन्हींपैकी एकच धरून ठेवावे.

१. *कोन धरणे.* धार लावण्यात सर्वात अवघड व सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच होय. पाते दगडावर आडवे ठेवून त्याची पाठ थोडी उचलावयाची. किती उचलावी, याचा सोपा हिशेब असा की, पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश. पाते दीड सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ अर्धा सेंटिमीटर उचलावी. यामुळे सुमारे वीस अंशांचा कोन साधतो व तो नेहमीच्या कामास योग्य असतो. सुरुवातीस अर्धा सेंटिमीटर जाडीची चीप पाठीखाली धरून अंदाज घ्यावा.

२. *खरबरीत अंगावर घासणे.* दगडावरून पातळ साल तासावयाची आहे अशा रीतीने धार पुढे करून पाते ढकलावे. मुठीपासून टोकापर्यंत सर्व धार दगडावरून गेली पाहिजे. टोकाशी येताना मूठ किंचित उचलावी, नाहीतर टोक बोथट राहते. जोर बेताचाच असावा. एकाच बाजूने घासत गेल्यावर दुसऱ्या बाजूस धारेची अतिशय बारीक कड उलटून येते. पाठीकडून धारेकडे अंगठा आडवा व हलकेच फिरविला असता ती खरखरीत लागते. धारेच्या लांबीच्या दिशेने बोट कधीही फिरवू नये. ही कड मुठीपासून टोकापर्यंत लागू लागली, म्हणजे त्या बाजूचे काम झाले असे समजावे. मग पाते उलटे करून दुसरी बाजू तशीच घासावी.

३. *बारीक अंगावर घासणे.* दगड उलटून बारीक अंगावर हीच क्रिया हलक्या हाताने करावी. आता एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या बाजूने असे आळीपाळीने घासावे व जोर कमी करीत जावे. उलटलेली कड हळूहळू नाहीशी होते.

४. *चामड्यावर ओढणे.* शेवटी जुन्या कमरपट्ट्याच्या आतील खरखरीत अंगावर पाते दहा-पंधरा वेळा ओढावे. न्हावी वस्तऱ्यासाठी करतो तसेच हे करावयाचे. येथे धार मागे व पाठ पुढे ठेवून ओढावयाचे असते. धार पुढे केली तर चामडे कापले जाईल.

एका बाजूस सपाट असलेल्या कलमाच्या चाकूची रीत थोडी वेगळी आहे. त्याची उतरती बाजूच तेवढी दगडावर घासावी, आणि त्या उताराला मुळात जो कोन आहे तोच कायम ठेवावा. सपाट बाजू शेवटी बारीक दगडावर पूर्ण टेकवून, पाठ मुळीच न उचलता, दोनतीन वेळाच फिरवावी. सपाट बाजूला कोन पडला तर त्या पात्याने सरळ काप कधीच येत नाही.

*धारेची परीक्षा.* पाते उजेडात धरून धारेकडे पाहावे. बोथट जागी उजेड परावर्तित होऊन पांढरी रेघ दिसते. तीक्ष्ण धार डोळ्यांना दिसतच नाही. नंतर वर्तमानपत्राचा कागद हातात लोंबता धरून कापून पाहावा. कलमाच्या चाकूची खरी परीक्षा काडीवर करावी. पेन्सिलीएवढी हिरवी काडी एका ओढीत तिरपी कापली गेली पाहिजे आणि काप ओला व गुळगुळीत दिसला पाहिजे.

वापराने दगडाच्या मध्यभागी खळगा पडतो व अशा दगडावर धार सरळ येत नाही. सपाट फरशीवर वाळू व पाणी टाकून दगड तिच्यावर घासला म्हणजे तो पुन्हा सपाट होतो.

फिरत्या चाकाविषयी इशारा

चाकावर धार लावून घेणे सोयीचे वाटते व कोयता, विळी यांसाठी ते चालूनही जाते. परंतु पातळ पात्याचा चाकू कोरड्या, वेगवान चाकावर धरला तर धार क्षणात तापते. धारेवर निळसर रंग चढला, की तेथले पाणी उतरले असे समजावे. असा चाकू त्या दिवशी चांगला कापतो आणि चारच दिवसांत पुन्हा बोथट होतो. मग दोष पोलादाला दिला जातो! चाकावर धार लावणे भागच असेल तर पाते क्षणभरच टेकवावे व पुनःपुन्हा पाण्यात बुडवावे. कलमाचा चाकू चाकाला कधीही लावू नये.

चाकू बाळगण्याचे नियम

जुनी माणसे चाकू दोरीने करदोट्याला बांधून ठेवीत, तर कोकणातील कुणबी कोयती कमरेच्या आकडीत अडकवितो. यात मोठे शहाणपण आहे. हत्यार ठरलेल्या जागी राहते, गवतात हरवत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. घडीचा चाकूही मजबूत दोरीने बांधूनच खिशात ठेवावा.

झाडावर चढताना, बांध ओलांडताना व वाहनावर बसताना चाकू मिटलेलाच असावा. उघडा चाकू कमरेला खोचू नये, दातांत धरू नये किंवा झाडाच्या खोडात रोवून ठेवू नये. खोडावरची ती जखमही रोगाचे दार ठरते. दुसऱ्याच्या हाती देताना चाकू मिटून द्यावा. तो उघडाच द्यावा लागला तर मूठ घेणाऱ्याकडे करावी. कापताना पाते अंगापासून दूर जाईल असे धरावे. कडब्यात किंवा गव्हाणीत चाकू विसरू नये, आणि तुटलेल्या पात्याचा तुकडा वेचून घेतल्याशिवाय तेथून हलू नये. वैरणीबरोबर गिळलेला लोखंडी तुकडा जनावराच्या पोटात टोचून त्याचा जीव घेऊ शकतो.

कायद्याचीही माहिती असावी. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील 'शस्त्र' या संज्ञेतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. तथापि यात्रा, निवडणूक अथवा तणावाच्या प्रसंगी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये मनाई हुकूम जारी होतो, तेव्हा त्यात चाकूचाही समावेश होऊ शकतो. अशा दिवशी शेतातला चाकू शेतातच ठेवून गावी जावे.

चाकू रोग पसरवू शकतो

रोगट झाडाचा रस पात्याला लागून तो पुढील झाडाच्या जखमेत जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डाळिंबावरील तेल्या रोगाचे जिवाणू छाटणीच्या हत्यारांवरून निरोगी झाडावर जातात. उसाचा खोडवा खुजा ठेवणारा रोग बेणे तोडण्याच्या कोयत्यावरून पसरतो. लिंबूवर्गीय झाडांतील एक्झोकॉर्टिस हा रोगही कलमाच्या चाकूने एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. या रोगाने रंगपूर लिंबाच्या खुंटाची साल तडकते व झाड खुरटते. पण ज्या मातृवृक्षावरून डोळे काढले, तो वरून निरोगीही दिसू शकतो. म्हणून केवळ डोळ्यांनी पाहून निश्चिंत राहता येत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. सोडियम हायपोक्लोराइटचे एक टक्का तीव्रतेचे द्रावण प्लॅस्टिकच्या डब्यात जवळ ठेवावे. बाटलीवरील तीव्रता पाच टक्के असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी मिसळावे. एका झाडाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू करण्यापूर्वी पाते पुसून त्यात बुडवावे. दोन चाकू असले तर एक द्रावणात व एक हातात, असे काम न थांबता चालते. एक्झोकॉर्टिसच्या बाबतीत पाते ज्योतीवर धरणे किंवा स्पिरिटने पुसणे भरवशाचे नाही, शिवाय ज्योतीने पाणी उतरते ते वेगळेच. द्रावण रोज ताजे करावे. ते डोळ्यांत जाऊ देऊ नये, तसेच त्यात आम्ल मिसळू नये. या द्रावणाने पोलाद गंजते, म्हणून काम संपताच पाते स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे पुसून, त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब फिरवावा व एक थेंब बिजागरीत सोडावा. दुसऱ्या दिवशी कलमे बांधण्यापूर्वी ते तेल पुसून काढावे.

हात कापल्यास

जखम लहान असली तरी वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी आणि स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. तीत माती, राख किंवा तंबाखू कदापि भरू नये. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात राहतात, आणि शेतकऱ्याचा चाकू या दोहोंच्या सान्निध्यात असतो. म्हणून धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे आरोग्य केंद्रात सांगून तेथील सल्ला घ्यावा. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल अथवा बोट वाकत नसेल, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

कलमे बांधण्याच्या हंगामापूर्वी प्रत्येक गावी अर्ध्या तासाचे धार लावण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. त्यासाठी एक दुहेरी निसणा, पाणी, जुना पट्टा, वर्तमानपत्र व काही हिरव्या काड्या एवढेच साहित्य लागते. शेतकऱ्यांना आपापले चाकू घेऊन येण्यास सांगावे. प्रथम प्रत्येकाने धार न लावता एक काडी कापावी व ती बाजूला ठेवावी. नंतर त्याच चाकूला त्यानेच धार लावून दुसरी काडी कापावी. दोन्ही कापांवरून बोट फिरविले, म्हणजे आपण एक तास बोलून जे सांगू शकणार नाही ते त्यांना क्षणात कळते. गावात जुना, जाणता माळी असेल तर त्यालाच पुढे बसवावे व आपण शेजारी बसून शिकावे.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सुचवावीशी वाटते. एखाद्याची कलमे वाळली तर पाऊस, ऊन किंवा रोपे यांना दोष देण्यापूर्वी चाकू मागून घेऊन त्याची धार उन्हाकडे करून पाहावी. तो चाकू आपला स्वतःचा असला तरीही पाहावी.